सतरा घरांच्या चाव्या

आमच्या गावात जेवढी म्हणून शांतता होती, तिच्या सगळ्या चाव्या तात्यांच्या कमरेला असायच्या. तात्यांच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. गाव मालवणपासून एसटीने अर्ध्या तासावर. निम्मी माणसं मुंबई-ठाण्याला नोकरीला, त्यामुळे निम्मी घरं बंद. ती गणपतीत उघडायची, मे महिन्यात उघडायची, की परत कुलूप. अशा सतरा घरांची राखण तात्या करायचे. एका सुंभाला सतरा चाव्या ओवलेल्या आणि कुठली कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येक चावीला त्या त्या घरातल्या जुन्या पडद्याची एक चिंधी बांधलेली. निळी फुलं, तांबडे पट्टे, हिरवी चौकट. ते रस्त्याने निघाले की एखाद्या देवाच्या काठीसारखे दिसायचे.

तात्या गेले त्याला आता वर्ष होईल. गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं कोणी नाही. मी बोलते. मी काजूचा व्यवहार करणारी बाई आहे, घासाघीस करून पोट भरते आणि सौद्यात ठरलेला शब्द कोणी मोडला की तो माझ्या डोक्यातून जात नाही. तात्यांनी मोडला होता, पहिल्याच दिवशी, सकाळी नऊ वाजता.

त्याआधी माझ्या मुंबईबद्दल सांगायला हवं. बी.कॉम. झाल्यावर मी सरकारी परीक्षेच्या अभ्यासाला मामाकडे गेले. मामाकडे दोन खोल्या, सात माणसं आणि एक टीव्ही. अभ्यासाला जागा शोधायची म्हणून मी ती सगळी मुंबई पालथी घातली. वाचनालयात सकाळी सातला गेलं तरी प्रत्येक खुर्चीवर कोणाची तरी पिशवी बसलेली. माणूस दहाला यायचा. देवळाच्या सभागृहात भजनी मंडळाचा सराव. बागेत म्हातारे गोल करून मोठमोठ्याने हसायचे, तब्येतीसाठी. शेवटी मी एका मोठ्या इस्पितळाच्या वेटिंग रूममध्ये बसायला लागले. पंखा, बाकडं, थंड पाणी आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. दोन आठवडे छान गेले. मग शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचं कोण आहे आत? मी म्हटलं, मामा. त्या बाईंनी मला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी मामांसाठी प्रसाद घेऊन आल्या. त्यानंतर तिथे तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी बॅग भरली आणि गावी परत आले.

गावी आमचं घर म्हणजे गिरण. बाबांची पिठाची गिरण घराला लागूनच होती, मधली भिंतसुद्धा एकच. पट्टा सुरू झाला की माझ्या वहीवरचं पेन आपोआप सरकायचं. परीक्षा जूनमध्ये आणि मी आले ती फेब्रुवारीत. बाबा म्हणाले, "एवढा खर्च झाला, एक परीक्षा दे. नाही जमलं तर गिरणीवर बस." मला गिरणीवर बसायचं नव्हतं. अंगावर पीठ घेऊन म्हातारी झालेली माझी आत्या मी रोज बघत होते. म्हणून मी तात्यांकडे गेले.

तात्या अंगणात हिराचे झाडू वळत बसले होते. नारळाच्या झावळीतले हीर सोलून झाडू करणं हा त्यांचा हाताचा उद्योग; तोंडाचा उद्योग गजाली.

"तात्यानू, माका एक घर व्हया. अभ्यासाक."

"घर काय माझ्या बापाशीचा आसा? लोकांची घरां ती. मी फकस्त चावी राखतंय."

"मी घर झाडतंय, दिवो लावतंय, तुळशीक पाणी घालतंय. तुमची तेवढी फेरी वाचतली."

तात्यांनी हीर सोलणं थांबवलं. सौदा पटतोय हे मला तेव्हाही कळायचं. पण त्यांनी लगेच दोन अटी पुढे केल्या.

"पुढचा दार उघडा रवाक व्हया. दिवसभर."

"कशाक?"

"बंद घराक वारो लागाक व्हयो."

"मी खिडक्यो उघडतंय की!"

"खिडकेतसून येता तो वारो वेगळो, दारातसून येता तो वेगळो. आणि वाचूचा ता मोठ्यान. घराक माणसाचो आवाज व्हयो. नायतर वाळवी लागता."

"वाळवेक काय कान आसत?"

"तुका म्हायत नाय ता बोलू नको."

मोठ्याने वाचणं दिवसभरावरून मी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दिवेलागणीला एक तास एवढ्यावर आणलं. दाराच्या बाबतीत मात्र तात्या इंचभरही हलले नाहीत. मग मी माझी अट टाकली. "मगे तुमी गप रवाचा."

"रवतलय," तात्या म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबड्या पट्ट्यांच्या घरात बसले. लादी थंड, भिंतीला नव्या रंगाचा वास, बाहेर फक्त माडांची सळसळ. वर्षभर मुंबईत जे शोधलं ते माझ्याच गावात कुलपात पडून होतं. मी पुस्तक उघडलं. नऊ वाजता तात्या काखेत झावळ्या घेऊन आले आणि दारासमोर, अगदी बरोबर समोर, खळ्यात म्हणजे अंगणात बसले. रस्त्याने एक सायकल गेली.

"काय रे, खंय चल्लंस?"

सायकल थांबली. कुठे चाललास, तिथे काय, त्याचा बाप कसा आहे, त्याच्या बापाच्या गुडघ्याचं काय झालं. मी दारात येऊन डोळे वटारले. तात्यांनी हात वर केला, म्हणजे कळलं. आणि पुढचा माणूस दिसला तेव्हा शंभर पावलांवरून ओरडले, "अरे, हळू बोला रे! आत शुभा अभ्यास करता!"

तो बिचारा काहीच बोलत नव्हता.

हे रोज चाललं. एसटी गेली की ते ड्रायव्हरलासुद्धा ओरडून सांगायचे, हळू. लोक साहजिकच विचारायचे, कसला अभ्यास? निरीक्षकाची परीक्षा आहे असं मी तात्यांना तीनदा समजावलं होतं. ते सांगायचे, "कलेक्टर होतला आमचा चेडू." पंधरा दिवसांत गावाने मला कलेक्टर करून टाकलं. मासे विकायला येणारी बाई टोपली उतरवून म्हणाली, "कलेक्टरीन झाल्यार आमका जेटीर एक नळ दी गो." मी फॉर्म कसला भरलाय आणि लोक माझ्याकडून काय मागतायत! माझं डोकं इतकं फिरायचं की एकेक परिच्छेद चार चार वेळा वाचावा लागायचा.

त्यातून मोठ्याने वाचायची अट. मी मूलभूत हक्क म्हणत होते, बाहेर झावळी सोलायचा आवाज येत होता, तो थांबला.

"चेडवा, काल सहा म्हटलंस. आज पाचच. एक खंय गेलो?"

मी मोजले. शोषणाविरुद्धचा हक्क राहून गेला होता. मनात म्हटलं, आत्ता मला नेमका तोच हवाय. पण ते बरोबर होते, हीच तर चीड. पुढे पुढे तर ते आलेल्या-गेलेल्याला प्रश्न घालायला लागले. पोस्टमन आला की, "सांग बघूया, राष्ट्रपती अचानक गेलो तर कोण?" पोस्टमनला यायचं नाही. मग तात्या आतल्या बाजूला तोंड करून, "सांग गो तेका!" मी काय अभ्यास सोडून पोस्टमनची तोंडी परीक्षा घ्यायची?

मे महिना लागला तशी मुंबईची माणसं यायला लागली आणि माझं बिऱ्हाड हलायला लागलं. तांबड्या पट्ट्यांच्या घरातून हिरव्या चौकटीत, तिथून पिवळ्या ठिपक्यांत. वह्यांचं गाठोडं माझ्या डोक्यावर, झावळ्या तात्यांच्या. शेवटी निळ्या फुलांचं घर तेवढं राहिलं. गावाच्या टोकाला, मागे काजूची बाग. मालक ठाण्याचे, त्यांना आम्ही ठाण्याचे साहेब म्हणायचो. ते त्या वर्षी येणार नव्हते. परीक्षेला सोळा दिवस उरले होते.

तिथे मी फुटले. सकाळपासून तीन माणसं खळ्यात जमली होती. मासेवाली बाई होती, पोस्टमन होता आणि तिसरा कोणीतरी पत्ता विचारायला आलेला बाहेरगावचा माणूस. तात्या त्याला राज्यपाल कोण नेमतो ते सांगत होते, तेही चुकीचं. मी पुस्तक आपटून बाहेर आले.

"तात्यानू, सतरा घरांक कुलपां घातल्यात, अठरावा आता तुमच्या तोंडाक घाला! गप रवतलय म्हटलात, एक दिवस रवलात? माका तुमचो वारो नको, आवाज नको, काय नको. मी दार लावतंय, मनात वाचतंय. तुमी हंय येव नकात!"

मासेवाली हसली, मग माझा चेहरा बघून टोपली उचलून चालायला लागली. तात्यांच्या हातात अर्धा सोललेला हीर होता. त्यांनी तो पूर्ण सोलला, जुडीत ठेवला, जुडी बांधली.

"बरा," म्हणाले आणि झावळ्या उचलून गेले.

पुढचे चार दिवस मी दार लावून बसले. तसा अभ्यास मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही. पुस्तकाचं पान उलटलं तर त्याचा आवाज व्हायचा, एवढी शांतता. तात्या सकाळी कुलूप काढून द्यायचे, एक शब्द न बोलता, आणि संध्याकाळी तसेच येऊन लावून जायचे. मी मनात म्हटलं, आधीच ओरडायला हवं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ते आलेच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. काकी, म्हणजे तात्यांची बायको, चुलीपाशी होत्या, तात्या ओट्यावर.

"त्या घराची चावी आता माझ्याकडे नाय," तात्या म्हणाले.

"मगे कोणाकडे?"

"मालकान घेतल्यान."

"कित्या? अकरा दिवसांवर परीक्षा इली!"

जो माणूस सायकलवाल्याच्या बापाच्या गुडघ्यावर अर्धा तास बोलायचा, तो झावळी पुढे ओढून हीर सोलायला लागला. आतून काकींनी टोप आपटला. "सांगा तिका! शिरा पडली त्या तोंडार, नको तेव्हा बडबडतात, व्हया तेव्हा गप!" तात्या वळून म्हणाले, "तू गप." मी समजायचं ते समजले. चार माणसांत अपमान केला म्हणून म्हाताऱ्याने सूड घेतला. बाकीची सगळी घरं मुंबईकरांनी भरलेली होती. उरलेले अकरा दिवस मी कानात कापूस घालून गिरणीच्या भिंतीला टेकून अभ्यास केला. निकाल लागला. दोन गुणांनी राहिले.

मी गिरणीवर बसले नाही, एवढं मात्र केलं. बाबांकडून एक पोतं मागून घेतलं आणि गावोगाव काजू गोळा करायला लागले. वेंगुर्ल्याच्या कारखानदारांसमोर उभं राहून भाव मागताना मी आकडा आधी वहीत लिहून न्यायचे. मग वही लागेनाशी झाली. आज माझं स्वतःचं गोदाम आहे, टेम्पो आहे आणि माझ्याशी बोलताना लोक आधी पाणी पितात. पण कोणीही विचारलं की शुभाताई, तुम्ही परीक्षा दिली होती ना, तर मी सांगायचे, दिली होती. चावीवाल्या तात्यांनी ऐन वेळी घर काढून घेतलं. इतकी वर्षं सांगितलं. तात्या वाटेत भेटले की, "काय गो कलेक्टर!" म्हणून हाक मारायचे. मी तोंड फिरवायचे. त्यांना काही वाटायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत हाक. या माणसाला लाजही नाही, असं मला वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ठाण्याचे साहेब गावी आले आणि बागेतल्या काजूचं बोलायला मी त्यांच्याकडे गेले. निळी फुलं केव्हाच गेली होती, पडदे बदलले होते. बोलता बोलता मी म्हटलं, या घरात बसून मी चार दिवस अभ्यास केलाय. साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे ती मुलगी तुम्ही?"

मग त्यांनी सांगितलं. कोणीतरी त्यांना ठाण्याला फोन केला होता. चावीवाल्याने तुमचं घर कसल्या कामाला दिलंय बघा. दिवसभर दार लावलेलं असतं, आत एक मुलगी असते, आणखी कोण असतं देव जाणे. साहेब भडकले आणि त्या मुलीला आजच्या आज बाहेर काढा म्हणून त्यांनी तात्यांना फोन लावला.

"मला वाटलं म्हातारा माफी मागेल," साहेब म्हणाले. "तो उलट माझ्यावरच चढला. म्हणाला, दार उघडं होतं आणि मी दारात बसलो होतो तोवर कोणाची हिंमत झाली नाही बोलायची. पोरगी मोठ्याने वाचत होती, सगळं गाव ऐकत होतं. चार दिवस मी उठलो, ही माझी चूक, तिची नाही. आणि म्हणाला, ज्या घरात चेडवाक अभ्यास करूक मिळणा नाय, त्या घरात माका दिवो लावचो नाय. त्याच दिवशी चावी माझ्या चुलतभावाच्या हातात देऊन मोकळा झाला. हट्टी! दोन वर्षं घर तसंच पडलं, वाळवीने चौकटी खाल्ल्या."

मी काजूचा भाव न घासता कबूल केला आणि बाहेर आले. साहेबांना अजून कळलं नसेल, त्या दिवशी त्यांचं नशीब कशामुळे उघडलं.

काकी वारल्या होत्या आणि तात्यांना मुलाने डोंबिवलीला नेलं होतं. मी पत्ता मिळवला आणि पुढच्याच आठवड्यात मालाच्या कामासाठी मुंबईला गेले, तशी डोंबिवलीला उतरले. पाचवा मजला, लांबलचक गॅलरी, दोन्ही बाजूंना बंद दारं. मुलगा आणि सून कामावर. दाराची साखळी काढायला तात्यांना बराच वेळ लागला.

"इलंस गो कलेक्टर?"

"तात्यानू, तेव्हा सांगल्यात कित्या नाय?" मी चपला काढायच्या आधीच विचारलं.

"काय ता?"

"दार उघडा कशाक ठेवक सांगलात, मोठ्यान वाचूक कशाक सांगलात! सायबाचो फोन! सगळा!"

तात्या खुर्चीवर बसले. हडकले होते. खिडकीच्या गजाला ते सुंभ टांगलेलं होतं. चाव्या गावात देऊन टाकल्या होत्या, सुंभाला नुसत्या चिंध्या, निळ्या फुलांचीसुद्धा.

"अकरा दिवस रवलले परीक्षेक," ते म्हणाले. "लोक तुझ्याबद्दल काय बोलतत ता आयकान तू पेपरात काय लिवतलंस?"

"आणि मगे? मगे इतकी वर्सां?"

"मगे तू बोलाकच नाय माझ्याशी. आणि तोंडाक कुलूप घाला म्हणान तूच सांगललंस." आणि हसले, एक दात राहिला होता तो दाखवून. "एकदा तरी शब्द पाळलंय मा?"

या माणसाशी भांडायचं कसं? सौद्यात समोरच्याने आपल्याला काय दिलं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. नाहीतर तो सौदा कसला? तीन अटींवर मी घासाघीस केली, जिंकले असं समजले आणि इतकी वर्षं याने मला काय दिलं होतं ते मला कळू दिलं नाही. मला अजून त्याचा राग आहे. सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवसापासून दार सताड उघडं ठेवलं असतं आणि त्यांची बडबड ऐकत बसले असते. निदान हाक मारली तर वळून बघितलं असतं.

"बस," तात्या म्हणाले. "हंय अभ्यास करूचो तर कर गो. बरी शांतता आसा. सकाळी नवाक दार लागता, ता सात वाजासर कोण बोलणा नाय. समोर कोण रवता म्हायत नाय माका. आठ महिने झाले."

मला रडू येईल असं वाटलं, आणि मला रडू यायला लागलं की माझा संताप होतो. मी उठले आणि दार सताड उघडलं. टीपॉयवर सोसायटीची नोटीस पडली होती. ती हातात घेतली आणि गिरणीवर आत्याला हाक मारायचे त्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाण्याची टाकी धुण्याचे काम असल्याने येत्या रविवारी सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील!"

"आठ ते बारा?" तात्या म्हणाले. "परत वाच. काल माझो झील दोन म्हणी होतो."

मी परत वाचलं, आणखी मोठ्याने. समोरचं दार उघडलं. बनियन घातलेले एक गृहस्थ बाहेर आले, तात्यांच्याच वयाचे. "काय झालं? कोण ओरडतंय?"

मी काही बोलायच्या आत तात्या खुर्चीतून अर्धे उठले होते.

"कोण नाय, कोण नाय, आमच्या गावचा चेडू. कलेक्टर आसा. तुमी या, बसा. तुमचा गाव खंय?"

गृहस्थ फोंडाघाटचे निघाले. मग काय विचारता. घाट, घाटातली एसटी, तिथला बाजार. तात्यांचा कोण तो तिथे मास्तर होता, त्याचा पाय कसा मोडला. मी मध्ये दोनदा म्हटलं, तात्यानू, मी निघतंय. त्यांनी हात वर केला, म्हणजे कळलं. इतक्या वर्षांचं भांडण घेऊन मी पाच मजले चढून आले होते आणि हा माणूस माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

मी दार उघडंच ठेवून निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. माझ्या दोन गुणांचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.